गल्लीचा सुरक्षा ग्रुप: सुरू कसा करायचा आणि चालता कसा ठेवायचा

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका काकूंच्या पाटल्या गेल्या तेव्हा आमचा ग्रुप चांगला दोन वर्षांचा होता. सकाळी सातची वेळ, काकू देवळातून परत येत होत्या, बाइकवर दोघं आले, एकानं कार्डासारखं काहीतरी दाखवलं आणि म्हणाला, "आजी, आम्ही पोलिस आहोत, पुढं मोठी चोरी झालीये, एवढं सोनं अंगावर घालून कुठं निघालात, काढा आणि नीट बांधून ठेवा." वर स्वतःच कागदाची पुडी करून हातात दिली. घरी येऊन पुडी सोडली तर आत दोन खडे.

काकूंनी हे आठ दिवस कुणालाच सांगितलं नाही. सुनेलाही नाही. लाज वाटली, सगळे म्हणतील एवढी शिकलेली बाई आणि अशी कशी फसली. चौथ्या दिवशी पलीकडच्या रस्त्यावर आणखी एका बाईंचं मंगळसूत्र असंच गेलं, तीच वेळ, तीच पुडी. आणि त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर शंभरावर मेसेज आले होते, सुप्रभात होतं, पार्किंगचं भांडण होतं, कुठल्यातरी दुसऱ्याच राज्यातल्या चोरीचा व्हिडिओ होता, फक्त हे एक नव्हतं.

तेव्हापासून आम्ही ग्रुप मोडून नव्यानं बांधला. पुण्यात धनकवडीच्या बाजूच्या पाच गल्ल्या, चार बिल्डिंगा, एक जुनी चाळ आणि मागची वस्ती एवढा आमचा पसारा. त्यात जे जमलं, जे फसलं ते सगळं इथं लिहिते, म्हणजे कुणाला कोथरूडला, हडपसरला, वारज्याला असं काही सुरू करायचं असेल तर आमच्या चुका तरी वाचतील.

सुरुवात फोनवर करू नका, पायी करा

आधी हद्द ठरवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात म्हणून तेवढी भरायची नसतात. माझा अनुभव असाय की शंभर-दीडशे घरांपर्यंत लोक एकमेकांना तोंडानं ओळखतात, त्याच्या पुढं गेलं की बोलणारे तेच आठ जण राहतात आणि बाकीचे म्यूट करून टाकतात. मोठा भाग असेल तर गल्लीनिहाय छोटे ग्रुप करा आणि वर एकमेकांना जोडा.

मग आपलं पोलिस ठाणं कुठलं ते नक्की करा. हे सोपं वाटतं पण २०२४ मध्ये पुणे शहरात सात नवीन ठाणी झाली, आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ, त्यामुळे आजूबाजूच्या जुन्या ठाण्यांच्या हद्दी बदलल्या. आणि पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय तर २०१८ पासून वेगळंच आहे. रस्त्याच्या अलीकडं एक ठाणं आणि पलीकडं दुसरं असं बऱ्याच ठिकाणी आहे. दोघं-तिघं मिळून ठाण्यात जा, वीस जणांचा मोर्चा नेऊ नका, ठाणे अंमलदारांना विचारा की आमची चौकी कुठली, बीट, म्हणजे आमच्या भागाची गस्तीची हद्द, कुणाकडं आहे, रात्री गस्तीला कोण असतं. चौकीचा नंबर घ्या. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा, "आमच्याकडून तुम्हाला कशी माहिती मिळाली तर उपयोग होतो?" आम्हाला त्या दिवशी मिळालेलं उत्तर अजून ग्रुपच्या माहितीत लिहिलेलं आहे: गाडीचा नंबर, गेलेली दिशा आणि नेमकी वेळ, बाकी आम्ही बघतो.

पोलिसांना ग्रुपमध्ये घ्यायचं का, हा प्रश्न सगळीकडं येतो. माझं मत, गप्पांच्या ग्रुपमध्ये घेऊ नका. साहेब आहेत म्हटल्यावर अर्धे लोक बोलायचे बंद होतात आणि उरलेले अर्धे शेजाऱ्याच्या गाडीच्या तक्रारी त्यांच्या माथी मारतात, शिवाय त्यांची बदली झाली की नंबर तिथंच पडून राहतो. त्यापेक्षा ग्रुपमधले दोन जण दुवा म्हणून ठरवा, पोलिसांकडं माहिती तेच नेतील आणि उत्तर तेच आणतील.

ग्रुपची रचना

दोन वेगळे कप्पे लागतातच लागतात. एक सूचनांचा, जिथं फक्त अ‍ॅडमिन लिहितात, आणि एक बोलण्याचा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०२२ पासून कम्युनिटीची सोय आहे, त्यात हे दोन्ही एकाखाली ठेवता येतं, आणि त्याचा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही, तो म्हणजे कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपमध्ये बाकीच्या सदस्यांना तुमचा नंबर दिसत नाही. आमच्याकडं पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या मुली बऱ्याच आहेत, साध्या ग्रुपमध्ये यायला त्या तयारच नव्हत्या कारण नंबर दीडशे अनोळखी लोकांकडं जातो आणि मग रात्री "हाय" यायला लागतं. घोषणा-ग्रुपमध्ये मात्र आनंदानं आल्या.

अ‍ॅडमिन एकटा नको. चार-पाच जण ठेवा, त्यात निदान दोन बायका, एक दिवसभर घरी असणारं निवृत्त माणूस, एक रात्रपाळीवालं, आणि वस्तीतलं एक जण. नवीन सदस्याला अ‍ॅडमिनच्या परवानगीशिवाय येता येणार नाही ही सेटिंग चालू करा, ग्रुपची लिंक लिफ्टमध्ये चिकटवू नका.

नाव साधं ठेवा. आमच्या पहिल्या ग्रुपच्या नावात "क्राइम अलर्ट" होतं आणि लोक तसंच टाकायला लागले, सगळीकडं नुसता धोका. आता नाव आहे "आपला शेजार". हे किरकोळ वाटेल पण नावावरूनच लोक ठरवतात की इथं काय बोलायचं.

कोण कोण हवं, आणि जे फोनवर नाहीत त्यांचं काय

सोसायटीचे सेक्रेटरी आपोआप येतात. ज्यांना खरं दिसत असतं ते येत नाहीत. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, किराणा दुकानदार, रिक्षा स्टँडवरचे दादा, रात्रीचे वॉचमन, पाच घरी कामाला जाणाऱ्या ताई, पहाटे दूध टाकणारी पोरं. दिवसातले दहा-बारा तास रस्त्याकडं तोंड करून असणारी ही माणसं. यांच्याकडं स्वतः जाऊन बोलावं लागतं, लिंक पाठवून कुणी येत नाही. आमचे बरेच वॉचमन नेपाळचे, बिहारचे, म्हणून सूचना मराठीत आणि खाली दोन ओळी हिंदीत टाकतो, आणि महत्त्वाचं असेल तर आवाजी मेसेज, कारण लिहिलेलं वाचायला ज्यांना जड जातं ते ऐकून घेतात.

गणपती मंडळाला विसरू नका. पुण्यात मंडळाच्या पोरांना प्रत्येक घर, प्रत्येक बोळ, प्रत्येक बंद पडलेला दिवा माहीत असतो, वर्गणीला दारोदार फिरलेली असतात ती. ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांचे गट, हे सगळे तयार धागे आहेत, नवीन काही विणायची गरज नसते.

वस्तीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. बहुतेक सोसायट्यांच्या ग्रुपवर मागच्या वस्तीबद्दल खूप बोललं जातं आणि वस्तीतलं एकही माणूस त्या ग्रुपमध्ये नसतं. आमचंही तेच होतं. मग एका रात्री कोयते घेऊन आलेल्या टोळक्यानं रस्त्यावरच्या गाड्या फोडल्या. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सात गाड्यांचे फोटो आले, आणि वस्तीत गेल्यावर कळलं की तिथं तीन रिक्षा आणि एक टेम्पो फुटलाय, म्हणजे चार घरांची त्या महिन्याची कमाई बंद. आपल्या गाडीला विमा असतो, त्यांना काच बसवेपर्यंत धंदा नाही. त्यांना त्या पोरांची दहशत आपल्यापेक्षा जास्त होती आणि सांगायला कुणी नव्हतं. त्या दिवशी दोन रिक्षावाले दादा आणि बचत गटातल्या एक ताई ग्रुपमध्ये आल्या आणि खरं सांगते, त्यानंतरच तो ग्रुप कामाचा झाला.

आता जे फोनवर नाहीतच. आमच्याकडं एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची बावीस घरं आहेत, मुलं परदेशात नाहीतर बंगळूरला. त्यांच्यासाठी फोनसाखळी केलीये, एका माणसाकडं चार-पाच घरं, महत्त्वाची सूचना आली की त्यानं फोन करून सांगायची, "काका, आज सकाळी अमुक झालंय, कुणी दागिने काढायला सांगितलं तर काढू नका." शिवाय किराणा दुकानाबाहेर एक फळा, त्यावर खडूनं दोन ओळी. फळा सगळ्यात जास्त वाचला जातो.

मेसेज कसा लिहायचा

सगळ्यात जास्त मेहनत इथं घ्या. आम्ही चार प्रश्न ठरवलेत: कुठं, कधी, काय पाहिलं, कुणाला कळवलं. चारातलं एक जरी नसेल तर अ‍ॅडमिन विचारतो.

पूर्वी यायचा तसा मेसेज: "सावधान!!! आपल्या भागात चोर फिरतायत, काळजी घ्या, सगळ्यांना पाठवा."

ह्यातून कुणी काय करायचं? दार लावायचं, घाबरायचं आणि पुढं ढकलायचं. आता तोच मेसेज असा येतो: "आज मंगळवार, सकाळी ७.१०, दत्त मंदिराच्या मागच्या रस्त्यावर, काळी बाइक, दोघं, मागच्याचं हेल्मेट लाल. पोलिस असल्याचं सांगून दागिने काढायला सांगितलं. नंबरातले शेवटचे दोन आकडे ४७. नंतर मेन रोडकडं गेले. ११२ ला फोन केलाय. ज्येष्ठांच्या घरी फोन करा, त्या रस्त्यावर कॅमेरा असेल त्यांनी ७ ते ७.३० चं रेकॉर्डिंग जपून ठेवा."

बघा, शेवटच्या ओळीत लोकांना काम दिलंय. काम मिळालं की घबराट कमी होते हे मी शंभर वेळा पाहिलंय.

माणसाचं वर्णन करायचं झालं तर कपडे, गाडी, अंदाजे उंची, वागणं. जात, धर्म, "परप्रांतीय वाटत होते", "त्या वस्तीतले असणार" हे लिहायचं नाही, आमच्याकडं असा मेसेज लगेच काढला जातो, मग तो कुणाचाही असो. एक तर त्यानं माणूस सापडत नाही, दुसरं म्हणजे त्याच वर्णनाची शंभर निरपराध माणसं त्या दिवशी आपल्याच रस्त्यानं कामाला निघालेली असतात.

आणि क्रम लक्षात ठेवा, आधी ११२, मग ग्रुप. हे लिहून चिकटवा. महाराष्ट्रात पोलिस, आग, रुग्णवाहिका सगळ्यासाठी ११२ चालतो, १०० लावला तरी चालतं. बरेच लोक प्रत्यक्ष भांडण चालू असताना ग्रुपवर टाइप करत बसतात आणि दीडशे जणांना वाटतं की दुसऱ्या कुणीतरी फोन केला असेल. म्हणून "कुणाला कळवलं" हा चौथा प्रश्न.

रात्री अकरानंतर फक्त आत्ता चालू असलेली गोष्ट टाकायची, झालेली गोष्ट सकाळी. मोबाईल सतत वाजला की लोक म्यूट करतात, आणि एकदा म्यूट झालेला माणूस खऱ्या वेळी उपयोगाचा राहत नाही.

फोटोचं प्रकरण

हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. एक पोरगा काळी बॅग घेऊन एका बिल्डिंगखाली वीस-एक मिनिटं उभा होता, सारखा वर बघत होता, फोन लावत होता. कुणीतरी गॅलरीतून फोटो काढला आणि टाकला, "संशयित, लक्ष ठेवा." अ‍ॅडमिन मी होते, मी तो तसाच राहू दिला. तासाभरात फोटो शेजारच्या चार ग्रुपांत गेला. चौकात दोघांनी त्याची कॉलर धरली, बॅग ओढली, आतल्या काचेच्या नळ्या फुटल्या. पोरगा एका लॅबमध्ये कामाला होता, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं रक्त घ्यायला आला होता आणि आजोबांना फोनची रिंग ऐकू आली नव्हती.

आम्ही तिघं त्याच्या घरी माफी मागायला गेलो. त्याची आई काही बोलली नाही, फक्त पाणी दिलं. तो पोरगा परत कधी आमच्या भागात आला नाही.

तेव्हापासून नियम एकच, ग्रुपवर अनोळखी माणसाचा चेहरा टाकायचा नाही. फोटो काढला असेल तर तो दुव्याकडं द्या, दुवा चौकीत देईल. चेहरा ओळखायचं काम पोलिसांचं. गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो चालतो, पण तोही काय घडलं ते लिहून.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवतं ना? १ जुलै २०१८, मुलं पळवणारी टोळी आलीये ह्या मोबाईलवरच्या अफवेवरून भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. ते मेसेज पुढं ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काळजीपोटीच ढकलले असतील.

कायद्याचं थोडक्यात सांगते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यात कलम ३५३ अफवा आणि खोटी माहिती पसरवण्याबद्दल, ३५६ बदनामीबद्दल. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट छापणं, पसरवणं कलम ७२ नं गुन्हा आहे, आणि गुन्ह्यात सापडलेल्या किंवा बळी ठरलेल्या लहान मुलाची ओळख उघड करायलाही बाल न्याय कायद्यानं मनाई आहे. तेव्हा "कुठल्या बिल्डिंगमधली हो?" हा प्रश्न ग्रुपवर आला की तिथंच थांबवायचा. अ‍ॅडमिनला भीती असते की कुणीही काहीही टाकलं तर केस माझ्यावर, तर त्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, त्याचा त्यात हेतू सामील असला पाहिजे. म्हणून निवांत बसा असा त्याचा अर्थ नाही. तुम्हाला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, ते बटण वापरा.

आणखी एक, भाडेकरूंची, घरकामाच्या ताईंची आधार कार्डं ग्रुपवर टाकायची पद्धत बऱ्याच सोसायट्यांत आहे, ती आजच बंद करा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडं ऑनलाइन नोंदवता येते, तिची जागा तिथं.

अफवा आली की

मेसेजवर दोन बाण आणि "बऱ्याच वेळा फॉरवर्ड केलेला" असं दिसलं की थांबायचं. तारीख आहे का, ठिकाण आहे का, कुठल्या ठाण्याच्या हद्दीतलं आहे, आपल्यातल्या कुणी डोळ्यानं पाहिलंय का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर आमच्याकडं मेसेज राहत नाही.

टाकणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर बोलू नका मात्र. बहुतेक वेळा ते कुणाचे तरी सत्तरीतले वडील असतात. मी वेगळा मेसेज करते: "काका, तुम्ही काळजीनं टाकलंत हे कळतंय. चौकीत विचारलं, आपल्याकडं असं काही घडलेलं नाही. म्हणून काढतेय, रागावू नका. तुमच्या रस्त्यावर काही दिसलं तर मला आधी फोन करा." दोन काका असेच आता आमचे सगळ्यात चांगले डोळे झालेत. आणि खोटं ठरलेलं असेल तर तेही सूचनांच्या ग्रुपवर स्पष्ट लिहायचं, नाहीतर भीती तशीच राहते.

खरंच काही घडलं तर

ज्याच्याबाबतीत घडलं त्याच्याशी आधी माणसानं जाऊन बोला, ग्रुपवर नंतर आणि त्याला विचारूनच. काकूंचं प्रकरण आम्ही त्यांच्या परवानगीनं, त्यांचं नाव न घालता टाकलं. खाली तिघींनी लिहिलं की आमच्या आईबरोबर, सासूबरोबर असंच झालंय. काकू ते वाचून रडल्या. आपण एकट्याच फसलो नाही हे कळायला त्यांना नऊ दिवस लागले.

तक्रार द्यायला सोबत जा. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवलं तर शून्य क्रमांकानं गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो हे माहीत असू द्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे माहिती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. नोंदच घेतली नाही तर पोलिस उपायुक्तांना लेखी, पोस्टानं पाठवा. हे भांडणाच्या सुरात करायची गरज पडत नाही, कागद नीट असला की बहुतेक वेळा काम होतं.

सीसीटीव्ही. सगळ्यांना वाटतं कॅमेरा आहे म्हणजे झालं. डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रात, जागा संपली की जुनं पुसून त्यावर नवं रेकॉर्ड होतं, कुणाचं पंधरा दिवसांत, कुणाचं महिन्यात. काकू नवव्या दिवशी बोलल्या तेव्हा एका बिल्डिंगचं रेकॉर्डिंग आठच दिवसांचं निघालं, गेलं ते. दुसऱ्या बिल्डिंगचं होतं पण त्या डीव्हीआरचं घड्याळ तब्बल बावन्न मिनिटं पुढं, तो हिशोब लागेपर्यंत अर्धा दिवस गेला. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक बिल्डिंगनं घड्याळ तपासायचं आणि ग्रुपवर "तपासलं" एवढंच लिहायचं. स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग करून ग्रुपवर फिरवू नका, त्यानं संशयित सावध होतो आणि पुरावा म्हणून मूळ रेकॉर्डिंगच लागतं, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. मूळ रेकॉर्डिंग वेगळं काढून ठेवा आणि पोलिसांकडं द्या.

ऑनलाइन फसवणूक झाली तर मिनिटं मोजा. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला फोन, बाकी सगळं नंतर. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर आले. "तुम्हाला डिजिटल अटक केलीये" असा खोट्या पोलिसांचा व्हिडिओ कॉल, बिल थकल्याचं सांगून पाठवलेली फाइल, ह्याबद्दल आम्ही दर महिन्याला एक आवाजी मेसेज टाकतो, कारण ह्यात अडकणारे बहुतेक तेच एकटे राहणारे ज्येष्ठ. मोबाईल चोरीला गेला तर केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो, आधी पोलिसांत नोंद करा.

घरातली मारहाण कानावर आली तर ती ग्रुपवर अजिबात नको. तिचा नवरा, सासरा त्याच ग्रुपमध्ये असतात. ११२ किंवा महिलांसाठीची १८१, पुणे पोलिसांचा महिलांना मदत करणारा भरोसा सेल, आणि तिच्या विश्वासातली एक बाई. लहान मुलांसाठी १०९८.

लोकांना विचारा, भीती नेमकी कुठं वाटते

आम्ही एकदा ग्रुपवर पोल टाकला की संध्याकाळी कुठल्या ठिकाणी असुरक्षित वाटतं. उत्तर आलं चौक, कारण तिथं पोरांचा अड्डा. मग आम्ही दोघी घरकामाच्या ताईंना आणि पेइंग गेस्ट मुलींना समोरासमोर विचारत फिरलो आणि उत्तर वेगळंच निघालं, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारचा ऐंशी पावलांचा पट्टा. तिथं दोन दिवे बंद, एक बंद पडलेला टेम्पो वर्षभर उभा, त्यामुळे रस्त्यावरून काही दिसत नाही. पोलमध्ये मत देणारे बहुतेक गाडीनं जाणारे पुरुष होते.

रात्री नऊला आम्ही बारा जण चालत निघालो, खांबांचे नंबर लिहून घेतले, महापालिकेच्या पीएमसी केअर ह्या तक्रारींच्या अ‍ॅपवर प्रत्येक दिव्याची वेगळी तक्रार टाकली, तक्रार क्रमांक ग्रुपवर ठेवला, आणि आठवड्यानं क्षेत्रीय कार्यालयात त्याच क्रमांकांची यादी घेऊन गेलो. दिवे लागले. टेम्पोच्या मालकाला शोधून काढलं, टेम्पो हलला. तिथं आता एक भुर्जीची गाडी रात्री दहापर्यंत असते आणि मुली मुद्दाम त्या बाजूनं जातात. ह्या सगळ्याला एक रुपया खर्च आला नाही. कॅमेऱ्यासाठी वर्गणी काढायच्या आधी हे करून बघा.

गस्त घालायची असेल तर बीट अंमलदारांना सांगून, काठ्या न घेता, आणि कुणाला अडवायचं नाही, झडती घ्यायची नाही. अनोळखी माणूस दिसला तर विचारायचं, "कुणाचं घर शोधताय का?" खरं घर शोधणाऱ्याला मदत होते आणि दुसऱ्या हेतूनं आलेला माणूस निघून जातो. लॅबच्या त्या पोराला हेच कुणी विचारलं असतं तर.

चालू ठेवणं

सहा महिन्यांनी उत्साह ओसरतो, सगळीकडं ओसरतो. आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी एकच मेसेज टाकतो, गेल्या महिन्यात काय कळवलं, त्याचं पुढं काय झालं, काय अजून अडकलंय. "घरफोडीची तक्रार, तपास चालू." "दिवा क्रमांक अमुक, लागला." लोक सांगतात आणि पुढं काय झालं तेच कळत नाही, म्हणून सांगायचं सोडून देतात. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी बाहेरगावी जाणाऱ्यांनी दुव्याला खाजगीत कळवायचं, ग्रुपवर "आम्ही दहा दिवस केरळला" लिहायचं नाही, फोटो परत आल्यावर टाका. अ‍ॅडमिन वर्षानं बदला, दमतं माणूस.

मागच्या पावसाळ्यात तोच प्रकार पुन्हा झाला. सकाळी सात-सव्वासातला दुसऱ्या गल्लीतल्या एका आजींना दोघांनी अडवलं, चोरी झालीये, दागिने काढा. आजी म्हणाल्या, "चौकी इथंच आहे, चला, साहेबांसमोर काढते." बाइक वळली आणि गेली. आजींनी तिथंच उभं राहून आवाजी मेसेज टाकला, अकरा सेकंदांचा, श्वास लागलेला, मागं पाऊस ऐकू येतो. सगळ्यात पहिलं उत्तर आलं ते पाटल्या गेलेल्या काकूंचं: "तुम्ही बऱ्या आहात ना? गाडीचा रंग कुठला होता? मी ११२ लावलाय."